श्रीलंकेचा वारा, कोकणचा प्रवाह : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

प्रस्ताव मंजूर झाला, नोंदवही उघडली. प्रश्न असा : भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहणारा समुद्रप्रवाह नेमका कोण चालवतं?

पावसाळ्यापुरतं बघितलं तर उत्तर सोपं वाटतं. जून ते सप्टेंबर प्रवाह दक्षिणेकडे, आणि वाऱ्याचा किनाऱ्याला समांतर असलेला भागही दक्षिणेकडेच. जमलं. हिवाळ्यात मात्र बिनसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा उत्तरेकडूनच येत असतो, आणि प्रवाह त्याच्या तोंडावर उत्तरेला चालतो. १९८७-८८च्या हिवाळ्यात सतीश शेट्ये आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी जहाजावरून तापमान आणि क्षारता मोजत हे नीट दाखवून दिलं. प्रवाह दक्षिणेत रुंद आणि उथळ, गुजरातकडे जाताना अरुंद आणि खोल. तेव्हा कारण मानलं गेलं ते किनाऱ्याला समांतर दिशेतला पाण्याच्या दाबातला फरक. पुढे १९९३मध्ये मॅक्रेरी, कुंडू आणि मॉलिनारी यांच्या मॉडेलनं दाखवलं की या किनाऱ्यावर जे घडतं त्याचा बराच भाग बंगालच्या उपसागरातून आलेला असतो.

हे सगळं जुनंच आहे, मग आम्ही परत का? कारण आता प्रत्येक किनारी आराखड्यात ‘२०५० साली कोकणचा समुद्र’ असं एक प्रकरण असतं, आणि ते हवामान मॉडेलांच्या आकड्यांवर लिहिलं जातं. त्या मॉडेलांमध्ये हा प्रवाह मुळात योग्य कारणानं वाहतो का, हे कोणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

पुण्यात बसून समुद्राचं काम करायचं म्हटल्यावर घरी अजूनही हसतात. हसू देत.

२० नोव्हेंबर

आमच्या समुद्र-मॉडेलचं ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, ठरवायला बसलो. मॅडम म्हणाल्या, आधी कागदावर हिशेब, मग कोड.

किनाऱ्याला धरून धावणारे केल्विन तरंग हे या गोष्टीतले मुख्य पात्र. उत्तर गोलार्धात ते किनारा उजव्या हाताला ठेवून पळतात. म्हणजे ओडिशाकडून निघाले तर आंध्र, तमिळनाडू, श्रीलंकेला वळसा, मग केरळ, कर्नाटक, गोवा, मुंबई. वेग सेकंदाला साधारण अडीच मीटर, दिवसाला दोनशे किलोमीटरहून थोडा जास्त. श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून गोव्यापर्यंतचं अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहा दिवस. ओडिशापासून निघाला तर जेमतेम पंधरवडा. तिरुअनंतपुरमहून निघालेली रेल्वे यापेक्षा लवकर पोचते हे खरं, पण समुद्रातल्या बाकीच्या गोष्टींच्या मानानं ही टपाल फार जलद आहे.

हा तरंग किनाऱ्यापासून किती रुंदीत असतो? तरंगाच्या वेगाला पृथ्वीच्या परिवलनाच्या घटकानं भागायचं. गोव्याच्या अक्षांशावर उत्तर येतं साधारण ६५ किलोमीटर. बहुतेक हवामान मॉडेलांच्या समुद्राची चौकट एक अंशाची, म्हणजे १११ किलोमीटर. जी गोष्ट ६५ किलोमीटरमध्ये विरून जाते, ती १११च्या चौकटीत पकडणार! मॉडेलमध्ये तरंग पळतो तर खरा, पण त्याची रुंदी निसर्ग ठरवत नाही, ग्रिड ठरवतं. पाव अंशाला, २८ किलोमीटरला, त्या रुंदीत दोन बिंदू बसतात. एक-बारांश अंशाला, ९ किलोमीटरला, सात.

एक-बारांश ठरलं. पाव अंशाच्या मानानं दोन्ही दिशांना तिप्पट बारीक, आणि त्यामुळे वेळेचं पाऊलही तिपटीनं लहान. खर्च सत्तावीसपट. क्लस्टरच्या माणसाला फोन करताना हा आकडा मी शेवटी सांगितला.

३ डिसेंबर

अख्खा आठवडा पाल्कच्या सामुद्रधुनीत गेला.

समुद्रतळाचा नकाशा जेबको या जगभरच्या खोलीच्या नकाशातला, साधारण अर्ध्या किलोमीटरच्या बारकाव्याचा. तो ९ किलोमीटरच्या ग्रिडवर आणला की भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये काय उरतं ते आपण सरासरी कशी काढतो यावर अवलंबून. रामसेतूच्या परिसरात पाणी जागोजागी काही मीटरच. मॉडेलला मात्र किमान खोली द्यावी लागते, नाहीतर भरती-ओहोटीनं ती चौकट कोरडी पडते आणि गणित कोसळतं. किमान खोली दहा मीटर ठेवली तर सामुद्रधुनी खऱ्याहून खोल. बंद केली तर श्रीलंका भारताला जोडलेली.

दोन्ही करून बघणं भाग आहे, कारण हा कोपरा म्हणजे आमच्या प्रश्नाचं नाकच. उपसागरातून आलेला संकेत श्रीलंकेला वळसा घालून जातो की मधल्या चिरेतून गळतो, हे इथेच ठरतं. प्रत्यक्षात मधून जाणारं पाणी थोडंच. त्यामुळे बंद सामुद्रधुनी मला जास्त प्रामाणिक वाटते, नकाशावर कितीही विचित्र दिसली तरी. मॅडमना पटलं नाही. मूळ रन उघडी ठेवून, एक जोडरन बंद ठेवून, असं ठरलं.

१९ डिसेंबर

स्तब्ध समुद्राची चाचणी. वारा नाही, ऊन नाही, नद्या नाहीत, सीमेवरून काहीही आत येत नाही. घनतेचे थर सर्वत्र आडवे. असा समुद्र जागचा हलायला नको.

हलला. केरळ-कर्नाटकासमोरच्या खंडान्त उतारावर, म्हणजे उथळ तळ संपून खोल समुद्र सुरू होतो तिथे, छान, आखीवरेखीव प्रवाह, अगदी पाठ्यपुस्तकात छापावा असा. नव्या मुलानं प्लॉट आणून दाखवला तेव्हा तो खूश होता, कारण जागा बरोबर होती आणि रुंदीही बरोबर होती. हा रत्नागिरीचा मुलगा यंदाच पीएचडीला लागला आहे. त्याला सांगितलं, हाच सगळ्यात धोक्याचा प्लॉट.

कारण असं. आमच्या मॉडेलमधले थर तळाला समांतर धावतात. जिथे तळ एकदम घसरतो तिथे शेजारच्या दोन बिंदूंवरचा एकच थर वेगवेगळ्या खोलीवर असतो. दाबातला फरक काढताना दोन मोठ्या संख्या एकमेकींतून वजा होतात आणि जो लहानसा उरलेला आकडा खरा म्हणून मिळतो, त्यात गणिताचा कचरा असतो. भारताचा पश्चिम उतार त्यासाठी जणू खास बनवलेला आहे. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, तीनशे किलोमीटरवर पसरलेली, पुढे दक्षिणेला ती अरुंद होत जाते, आणि दोन्हीकडे कड संपली की तळ सरळ हजार-दोन हजार मीटरवर.

उपाय ठाऊक आहे, उतार घासून गुळगुळीत करायचा. पण किती? जास्त घासला तर प्रवाह ज्या कड्याला टेकून वाहतो तो कडाच जातो. थोडा घासला, दाबाचं गणित करणारी पद्धत बदलली, थर वाढवले. खोटा प्रवाह आता खऱ्याच्या मानानं नगण्य. शून्य होणार नाही, तो हट्ट सोडला.

८ जानेवारी २०२५

स्पिन-अप चालू, म्हणजे मॉडेलचा समुद्र स्थिरावेपर्यंतची आधीची रन. वारे ईआरए५ या हवेच्या पुनर्विश्लेषणातून (निरीक्षणं आणि मॉडेल जोडून तयार केलेली नोंद), सीमेवरचं पाणी ग्लोरिस या समुद्राच्या पुनर्विश्लेषणातून. क्यू लांबलचक. लिहिण्यासारखं काही नाही.

२७ जानेवारी

मूळ रनची पडताळणी.

उपग्रहांची समुद्रपातळी १९९२च्या टोपेक्स-पोसायडनपासूनची मिळते, पण किनाऱ्याजवळ जमीन रडारच्या टप्प्यात आली की मोजमाप बिघडतं. २०१३ साली इस्रो आणि फ्रान्सनं सोडलेल्या सरल उपग्रहावरचं अल्टिका हे पातळी मोजणारं रडार त्यात बरंच बरं. आर्गो या जागतिक योजनेचे तरंगते मापक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपासून वर येत तापमान-क्षारता मोजतात. भर समुद्रासाठी सोनं, उथळ समुद्रबूड जमिनीवर निरुपयोगी. म्हणजे आम्हाला हवा असलेला पट्टा दोघांच्याही हातून निसटतो. तिथे आधार एकच, उतारावर नांगरून ठेवलेले प्रवाहमापक. गोव्याच्या संस्थेनं ते वर्षानुवर्षं पाण्यात ठेवले, काढले, साफ केले, परत ठेवले. मॉडेलवाल्यांनी अशा लोकांना चहा तरी पाजत जावा.

मापकांशी तुलना केली तर ऋतुचक्र जमतं. हिवाळ्यात उत्तरेला, पावसाळ्यात दक्षिणेला. मात्र खऱ्या प्रवाहात महिना-दोन महिन्यांच्या हेलकाव्यांचा जोर इतका असतो की ‘हिवाळा म्हणजे उत्तरेकडे’ हे फक्त सरासरीत खरं. एखाद्या आठवड्यात उलटंही सापडतं. मॉडेलमध्ये ते हेलकावे आहेत, पण मवाळ.

मुंबईचा भरतीमापक वेगळाच आनंद. नोंद १८७८पासूनची! उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं, आणि आम्ही त्यात शोधतोय काही सेंटिमीटरचं ऋतुमान. गाळून काढल्यावर ते स्वच्छ दिसतं : पावसाळ्यात पातळी खाली, हिवाळ्यात वर. मॉडेलही तेच म्हणतं.

१३ फेब्रुवारी

आता खरं काम. प्रयोगांची रचना.

‘वारा बंद’ म्हणजे शून्य नव्हे. शून्य केला तर समुद्राची मूळ बैठकच बदलते आणि तुलना निरर्थक होते. म्हणून वार्षिक सरासरी ठेवायची, तिच्यावरचा ऋतूंचा चढउतार काढून टाकायचा. तेही एका रेषेवर तोडून नाही. जिथे वारा अचानक बदलतो तिथे त्याला नसलेला पीळ बसतो, आणि तो पीळ स्वतःच तरंग सोडतो. काही अंशांच्या पट्ट्यात हळूहळू कमी करत न्यायचा.

तीन प्रदेश : भारताचा पश्चिम किनारा, बंगालचा उपसागर, आणि भारताचं दक्षिण टोक व श्रीलंकेच्या भोवतीचा पट्टा. तिसरा प्रदेश मॅडमच्या आग्रहानं वेगळा काढला. मी तो उपसागरातच धरणार होते, मॅक्रेरींच्या काळापासूनची सवय. पण २०१६मध्ये गोव्यातले आणि फ्रान्समधले लोक मिळून त्यांनी दाखवलं होतं की पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रपातळीच्या ऋतुचक्राला सगळ्यात मोठा हातभार श्रीलंकेजवळच्या वाऱ्याचा आहे. पातळीचं ते त्यांनी केलं, प्रवाहाचं आम्ही बघू.

१० मार्च

पश्चिम किनाऱ्यावरचा वारा ‘बंद’ केला. गोव्यासमोरचा हिवाळी प्रवाह थांबला का? उलट किंचित वाढला. विचार केला तर साहजिकच आहे. स्थानिक वारा उत्तरेकडून येतो, तो या प्रवाहाचा लगाम आहे. लगाम सोडला, प्रवाह मोकळा झाला. पावसाळ्यात चित्र वेगळं, तेव्हा स्थानिक वाऱ्याचं देणं दखल घेण्याजोगं आहे, विशेषतः वरच्या थरात.

२१ मार्च

उपसागर बंद : प्रवाह कमी झाला, वेळापत्रकही सरकलं, पण ऋतुचक्र टिकून आहे. श्रीलंका-टोक बंद : ऋतुचक्राचा कणाच गेला. पातळीचा चढउतार आडवा झाला, हिवाळी प्रवाह क्षीण.

दोन्ही प्लॉट शेजारी लावून मी आणि तो मुलगा बराच वेळ बघत राहिलो. मग फळ्यावर कारण मांडलं, कारण कारणाशिवाय हा प्लॉट मी कुणाला दाखवणार नाही.

श्रीलंकेचा दक्षिण किनारा पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात तिथून पश्चिमेचा जोरदार वारा किनाऱ्याला समांतर जातो. उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, इथे उजवी म्हणजे दक्षिण, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं, पातळी उतरते, आणि हा उतार केल्विन तरंग होऊन भारताच्या पश्चिम किनाऱ्यानं वर चढतो. पश्चिम किनाऱ्यावर थंड पाणी आधी केरळला वर येतं आणि मग हळूहळू उत्तरेकडे, हे त्याला धरूनच आहे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा नेमकं उलट करतो, पाणी किनाऱ्याशी रेटतो, पातळी चढते. त्यात तिथली जमीन अशी आहे की डोंगरांच्या कडेनं आणि मन्नारच्या आखातातून वारा चिमटून जोरात निघतो. म्हणजे क्षेत्रफळ लहान, जोर भारी, दिशा अगदी किनाऱ्याला समांतर.

केरळच्या किनाऱ्यावरून रॉसबी तरंग, म्हणजे भर समुद्रातून पश्चिमेला सरकणारे संथ तरंग, सुटतात तेही दिसले. दहा अंशांवर त्यांचा वेग सेकंदाला वीस-बावीस सेंटिमीटर, लक्षद्वीपला पोचायला तीन आठवडे. वीस अंशांवर तोच पाच सेंटिमीटर. म्हणून दक्षिणेत हिवाळी प्रवाह पसरट होतो आणि गुजरातपाशी किनाऱ्याला चिकटून राहतो. शेट्यांच्या जहाजाला १९८७-८८मध्ये जे दिसलं होतं ते असं समीकरणातून बाहेर आलं की बरं वाटतं.

सामुद्रधुनी बंद ठेवलेल्या जोडरननं निष्कर्ष बदलला नाही. वाद मिटला, जिंकलं कुणीच नाही.

१६ एप्रिल

आता हवामान मॉडेलांकडे. एक अंशाच्या चौकटीत श्रीलंका किती मावते? देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा, चौकट बारा हजारांवर. पाच-सहा चौकटी! पिदुरुतलागला हा तिथला सर्वोच्च डोंगर, २,५२४ मीटरचा. सरासरीत तो टेकाड होतो. वारा चिमटणार कुठून? सामुद्रधुनी एकतर बुजलेली किंवा शंभर किलोमीटर रुंद. आणि आमचा निष्कर्ष असा की कोकणासमोरच्या ऋतुचक्राचा मोठा भाग नेमका इथेच घडतो.

त्यावर भर म्हणजे अरबी समुद्राचा जुना दोष. अनेक मॉडेलांत तो हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खऱ्याहून थंड असतो, आणि त्यामुळे पुढे भारतावरचा पाऊस कमी पडतो. खरा समुद्र तर तापतोय. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराची १९५१ ते २०१५मधली वाढ सरासरी एक अंश दिली आहे, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७मध्ये वर्षाला ३.३ मिलिमीटरनं चढली. सरासरी तापमान आणि सरासरी पातळी यांबद्दल ही मॉडेलं काही सांगू शकतात. किनाऱ्यालगतच्या पन्नास किलोमीटरबद्दल सांगतात तेव्हा मला शंका येते.

२९ मे

पाऊस २४ तारखेला केरळात, २६ला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. रनसाठी हे वर्षच निवडलेलं नाही याची हळहळ.

त्याहून मोठी गोष्ट : २५ तारखेला कोचीसमोर ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनरवाहू जहाज ६४० कंटेनरांसह बुडालं. कंटेनर आलप्पुळा, कोल्लमच्या किनाऱ्याला लागताहेत, तिरुअनंतपुरमच्या पुळणीवर प्लॅस्टिकच्या गोळ्यांचे ढीग. म्हणजे कोचीहून दक्षिणेला. मुलगा उत्साहानं म्हणाला, आपला प्रवाह! थांब म्हटलं. तरंगणाऱ्या वस्तूला वारा आणि लाटाही ढकलतात, आणि अगदी काठालगतचं पाणी उताराच्या प्रवाहापेक्षा वेगळं वागतं. दिशा मॉडेलशी जुळते एवढंच लिहावं. त्या किनाऱ्यावरचे मच्छीमार जाळी टाकू शकत नाहीत, त्या बातमीचा आनंद करण्यासारखं काही नाही.

१७ जून

गोळ्या कन्याकुमारीपलीकडे, श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत पोचल्याच्या बातम्या. मॉडेलमध्ये निष्क्रिय कण सोडून बघायचं ठरवलं, वाऱ्याचा धक्का धरून आणि न धरता. मूळ प्रकल्पात नाही, पण जहाजाच्या बातम्या येणाऱ्या मोसमात पुन्हा येतीलच.

२२ जुलै

ऑक्सिजन. गोव्याच्या फेरीत एक पूर्ण दुपार यावरच गेली.

वर येणारं थंड पाणी पोषक असतं, म्हणून तारली-बांगड्याचा मोसम. पण ते ऑक्सिजनला पारखंही असतं, कारण अरबी समुद्रात शे-दीडशे मीटरखाली हजार मीटरपर्यंत ऑक्सिजनचा दुष्काळ आहे. समुद्रबूड जमिनीवर चढल्यावर ते पाणी पावसाच्या गोड्या थराखाली कोंडतं, कुजणारं सेंद्रिय द्रव्य उरलासुरला प्राणवायू खातं, आणि सप्टेंबरच्या सुमारास तळाशी काहीच उरत नाही. कधीकधी हायड्रोजन सल्फाइड. कांदोळीसमोर १९९७पासून याची नियमित मोजणी चालते. तिथले आलेख बघताना मॉडेलचा माणूस गप्प होतो.

आमच्या कामाशी जोड अशी. २०१७च्या एका शोधनिबंधात दाखवलंय की हिंदी महासागरातल्या धन द्विध्रुवाच्या (महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा उबदार, पूर्व थंड) वर्षी पश्चिम किनाऱ्यावर ही प्राणवायूशून्य अवस्था येत नाही. द्विध्रुवात पूर्वेला सुमात्राकडचं पाणी थंड होतं, विषुववृत्तावरचा आणि दक्षिण टोकाजवळचा वारा बदलतो, पाणी दाबणारे तरंग पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि कमी ऑक्सिजनचा थर खोल जातो. म्हणजे गोव्याच्या तळाशी कोळंबी जगणार की नाही, याचा काही भाग सुमात्रात ठरतो. वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला हे सांगायचं तर तो म्हणेल, मग मी काय करू? त्याला उपयोगी पडेल ते उत्तर काही आठवड्यांच्या अंदाजात आहे. तरंग सहा दिवस ते पंधरवडा आधी वाटेत दिसतो. २०५०च्या नकाशापेक्षा ते आधी हाती येईल असं मला वाटतं.

१९ ऑगस्ट

अहवालाचा मसुदा. ‘२०५०मधील प्रवाहातील बदल’ या शीर्षकाखाली एक तक्ता अपेक्षित होता. मी तक्ता दिला नाही. त्याऐवजी चाळणी दिली : ज्या हवामान मॉडेलमध्ये श्रीलंकेजवळच्या वाऱ्याचं ऋतुचक्र निरीक्षणांशी जुळत नाही, त्याचे कोकण किनाऱ्याचे आकडे वापरू नयेत. बैठकीत एकानं विचारलं, मग आराखड्यात काय छापायचं? मॅडम म्हणाल्या, पातळी आणि तापमान छापा, प्रवाहाची जागा कोरी ठेवा. थोडी नाराजी झाली. वाक्य मात्र राहिलं.

उद्यापासून मॉडेलांचे श्रीलंकेभोवतीचे वारे उतरवून घ्यायचे. आधी ऐतिहासिक रन, १९८० ते २०१४. पाल्कची उघडी-बंद नोंद प्रत्येकाच्या समुद्रनकाशातून मुलगा काढणार आहे. भविष्याच्या फाइल्स चाळणीतून उतरतील त्यांच्याच घ्यायच्या, डिस्कवर तशीही जागा नाही.